नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो तेव्हा

"अगं, जरा वास घे बघू ह्याचा. आज परत औषध जास्त टाकलंया. चहाचीबी चव गेली."

पावसाळ्यात असा एखादा दिवस येतोच. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळी पाणी येतं, घागरी-बादल्या भरून होतात आणि शेजारच्या काकी तांब्या घेऊन दारात उभ्या राहतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे पाण्याची तक्रार आधी माझ्याकडे येते. काकींचं म्हणणं खोटं नसतं. त्या औषध म्हणतात ते क्लोरीन, आणि वास येतोच. पण त्या वासाला घाबरून त्यांनी नळाचं पाणी मोरीत ओतलं आणि प्यायला मागच्या बोअरचं भरून ठेवलं, तेव्हा मात्र मला त्यांच्यासमोर बसून सगळं सांगावं लागलं. त्या दिवशी नळाला अजिबात वास आला नसता, तर मला जास्त काळजी वाटली असती. का, ते समजायला पाण्यामागोमाग थेट नदीपर्यंत जावं लागतं.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. शहराला नळाचं पाणी मात्र आधी मिळालं ते कळंबा तलावातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तलाव झाला आणि तिथलं पाणी उताराने शहरात आणलं. ते जिथे साठायचं त्या जागेला आपण आजही 'पाण्याचा खजिना' म्हणतो. ज्याने कुणी हे नाव दिलं, त्याला पाण्याची किंमत नीट कळलेली होती. पुढे वस्ती वाढली, तसा भर नदीवर आला. बालिंगा आणि शिंगणापूरला नदीतून पाणी उपसायचं आणि शुद्ध करून शहराला द्यायचं, अशी व्यवस्था झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचं पाणी सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाइपलाइनने पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोहोचलं. त्या योजनेसाठी कोल्हापूरकरांनी किती वर्षं मोर्चे काढले, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

धरणातलं पाणी नदीतल्यापेक्षा निवळ असतं. ते संथ राहतं, त्यामुळे बरीचशी माती तळाशी बसते आणि वाटेतल्या गावांचं सांडपाणी त्यात मिसळत नाही. पण निवळ पाणी म्हणजे पिण्याजोगं पाणी, असा अर्थ कुणी काढू नये. धरणावर जनावरं येतात, पक्षी येतात, उन्हाळ्यात शेवाळ धरतं आणि पहिल्या पावसात चहूबाजूंनी डोंगरउतारावरचं सगळं वाहून येतं. म्हणून पाणी कुठूनही आणलं, तरी त्याला फिल्टर हाऊसमधून जावंच लागतं.

तिथे काय होतं ते माझ्या आजीला न शिकताच माहीत होतं. पंचगंगेला तांबडं पाणी आलं की ती घागरीत तुरटीचा खडा घेऊन चार-पाच वेळा गोल फिरवायची आणि "आता हात लावू नका रे कुणी" म्हणून दम द्यायची. तासा-दोन तासांनी वरचं पाणी स्वच्छ आणि तळाला मातीचा थर. शुद्धीकरण केंद्राचा अर्धा कारभार या घागरीत आहे.

गढूळ पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की नुसतं ठेवून दिलं तर आठवडा उलटला तरी सगळे खाली बसत नाहीत. शिवाय प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे कण एकत्र येत नाहीत आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमचा भार धन असतो. तो या कणांचा आपसातला दुरावा मोडतो, मग कण एकमेकांना चिकटतात आणि कापसाच्या पुंजक्यांसारख्या गुठळ्या तयार होतात. पुंजका जड झाला की खाली बसतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी तुरटीऐवजी पॅक (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) वापरतात. तेही अ‍ॅल्युमिनियमचंच संयुग आहे आणि कामही तेच करतं.

तुरटी किती घालायची, हा खरा कौशल्याचा भाग. पाण्याचा गढूळपणा रोज बदलतो, पावसाळ्यात तर सकाळचा हिशेब दुपारी चालत नाही. त्यासाठी जार टेस्ट असते. दहावीच्या मुलांना घेऊन मी फिल्टर हाऊस दाखवायला जाते, तेव्हा मुलं सगळ्यात जास्त वेळ याच टेबलाभोवती थांबतात. सहा काचेची भांडी एका रांगेत, सहांत तेच नदीचं चहासारखं पाणी आणि प्रत्येकात तुरटीचं वेगळं माप. वरून सहा पाती एकदम फिरतात. आधी जोरात, म्हणजे तुरटी सगळीकडे पसरावी. मग अगदी सावकाश, कारण गुठळ्या धरायला लागल्यावर जोरात ढवळलं तर त्या फुटतात. मग पाती थांबतात. पहिल्या भांड्यात पाणी तसंच गढूळ. तिसऱ्यात पिठूळ कण दिसायला लागतात. चौथ्यात मात्र बघता बघता बर्फासारखे पुंजके खाली उतरतात आणि वर काचेसारखं पाणी उरतं. सहाव्यात तुरटी जास्त झाली, म्हणून परत गढूळ! जास्त औषध म्हणजे जास्त शुद्धी नव्हे, हे पाठ्यपुस्तकातल्या दहा पानांपेक्षा त्या सहाव्या भांड्यात लवकर कळतं. चौथ्या भांड्याचं माप मग लाखो लिटर पाण्याला लावलं जातं. तुरटीने पाणी थोडं आम्लधर्मी होतं, तेव्हा गरज पडली तर चुना घालून ते सावरतात.

गाळ बसल्यावर पाणी वाळूच्या थरांवर सोडतात. वाळू म्हणजे चाळणी, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. वाळूच्या दोन कणांमधली फट जंतूच्या मानाने एखाद्या सभागृहाएवढी असते, त्यातून तो सहज निघून जाईल. पण तुरटीने चिकट झालेला कण वाळूच्या पृष्ठभागाला धरतो आणि अडकून बसतो. म्हणजे आधीचं तुरटीचं काम नीट झालं असेल तरच वाळू उपयोगी पडते. थर तुंबायला लागला की खालून हवा आणि पाणी जोराने सोडून वाळू धुतात, त्याला बॅकवॉश म्हणतात. उकळत्या भातासारखी वाळू खदखदते आणि अडकलेला गाळ वर येऊन वाहून जातो.

या पायरीला कमी लेखण्याची किंमत अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने मोजली. १९९३ मध्ये तिथे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. कारण होतं क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. तो क्लोरीनला दाद देत नाही, त्याला गाळून काढावा लागतो आणि तेव्हा तिथल्या एका केंद्रातलं गाळण्याचं काम ढिलं पडलं होतं. म्हणून पाण्याच्या गढूळपणाचा आकडा हा दिसण्यापुरता मामला नाही. भारतीय मानकात तो १ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) आत असावा असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल, तर जास्तीत जास्त ५ पर्यंत चालवून घेतात.

आता काकींच्या औषधाकडे येऊ.

गाळलेल्या पाण्यात अजून जंतू असतात. त्यांच्यासाठी क्लोरीन. मोठ्या केंद्रांत तो सिलिंडरमधून वायूच्या रूपात येतो, गावातल्या विहिरीत किंवा टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात. दोन्हींतून पाण्यात तयार होणारा जंतुनाशक तोच. तो जंतूच्या आवरणातून आत शिरतो आणि त्याचं जगण्याचं यंत्रच मोडतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो, निदान अर्धा तास. वरून घातलं आणि लगेच प्यायलं, असं चालत नाही.

पाण्यात टाकलेला क्लोरीन सगळाच जंतूंच्या वाट्याला येत नाही, ही यातली खरी मेख आहे. पगार हातात आला की आधी दुकानदाराची उधारी भागते, मग उरेल ते खिशात. तसंच इथे. पाण्यात सेंद्रिय घाण असते, लोह असतं, अमोनिया असतो. ही सगळी मंडळी आधी आपापला हिस्सा घेतात. त्यांची उधारी भागल्यावर जो शिल्लक राहतो, तो 'अवशिष्ट क्लोरीन'. आपल्या मानकाप्रमाणे नळाला येणाऱ्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असला पाहिजे. हजार लिटरची टाकी धरली तर २०० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या आठ-दहा दाण्यांच्या वजनाएवढा. इतक्यानेच टाकीभर पाण्याची राखण होते.

पावसाळ्यात पाण्यात घाण जास्त येते, उधारी वाढते, म्हणून मात्राही वाढवावी लागते. शिवाय आपल्याला येणारा तो उग्र वास बऱ्याचदा मोकळ्या क्लोरीनचा नसतोच. अमोनियाशी जुळून जी संयुगं होतात, त्यांचा तो वास. पाणी तासभर उघड्या भांड्यात ठेवलं की वास बराच कमी होतो. त्यासाठी बोअरकडे जायचं कारण नाही. आमच्या त्या बोअरच्या पाण्याला वास नव्हता, हे खरं. पण चार पावलांवर जुन्या संडासाची टाकी आहे आणि त्या पाण्यात राखण करायला काहीच नाही. काकींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या.

ही शिल्लक कशासाठी लागते, ते पुईखडीवरून शहराकडे येताना कळतं. केंद्रातून निघालेलं पाणी बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते बिघडतं पुढच्या वाटेत, आणि मला या विषयात सगळ्यात तळमळीने सांगायचं आहे ते हेच.

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह उघडतो, दोन-तीन तास पाणी येतं, मग बंद. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो. पाइपाला भोक असेल तर पाणी बाहेर पडतं. नासाडी होते, रस्ता खचतो, पण बाहेरची घाण आत येत नाही. व्हॉल्व्ह बंद झाला की उताराच्या बाजूचं पाणी निघून जातं, पाइप रिकामा होतो आणि आत पोकळी होते. आता तेच भोक उलटं काम करतं. आजूबाजूला जे ओलं असेल ते आत ओढून घेतं. आजूबाजूला गटार असेल, तर गटार. दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं, तेव्हा ते सगळं पहिल्या लोटाबरोबर घरात येतं.

"आज गळती काढायची आहे, पाणी येणार नाही" असा निरोप आला की आपण चिडतो. मीही चिडायचे. चार वर्षांपूर्वी आमच्याच घरच्या पाण्याला वास यायला लागला, तो मात्र औषधाचा नव्हता. कुजकट. प्लंबरने दारासमोरच्या गटारीवरची फरशी उचलली. आमच्या वडिलांच्या काळात घेतलेलं कनेक्शन, लोखंडी पाइप, आणि तो गटारीच्या बरोबर मधून आडवा गेलेला. वर्षानुवर्षं त्या काळ्या पाण्यात बुडून राहिलेला. त्याने पाइप कापून हातात दिला. वरून गंजाचे पापुद्रे, आणि खालच्या अंगाला, जिथे गटारीचं पाणी लागायचं, तिथे दाभणाने टोचावं तसं एक भोक. बाजूलाच दुसरं, मोहरीएवढं. मी तो तुकडा वर्गात नेला होता. मुलं एका बाजूने डोळा लावून भोकातून उजेड बघत होती. त्या पाइपातून आलेलं पाणी आम्ही किती महिने प्यायलो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तो पाइप आमचा होता. रस्त्याखालची मोठी लाइन आमच्या हातात नसते, पण लाइनपासून घरापर्यंतचा तुकडा आमचा असतो. जुन्या पेठांत असे शेकडो तुकडे गटारींतून गेलेले आहेत. त्यात भर म्हणून आपण नळाला थेट मोटर लावतो. शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढलं जातं, हे दिसतं. पण मोटर नुसतं पाइपातलं पाणीच ओढत नाही, जिथे जिथे भोक असेल तिथून बाहेरचंही ओढते. दाब कमी असेल तेव्हा तर जास्तच. मोटर लावणारा माणूस गल्लीभरच्या पाण्यात घाण ओढून आणत असतो, आणि त्याला ते माहीत नसतं.

अशा वेळी पाइपातल्या पाण्यात शिल्लक क्लोरीन असेल तर थोडीफार घाण तो निपटतो. फार घाण आली तर तो संपून जातो. मग नळाच्या पाण्यात तो सापडत नाही, आणि न सापडणं हीच धोक्याची खूण असते.

२०१२ च्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यात, इचलकरंजीत, काविळीची मोठी साथ आली. माणसं दगावली. विषाणू होता हिपॅटायटिस ई. तो रुग्णाच्या शौचातून बाहेर पडतो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे दवाखान्यांत रांगा लागतात तेव्हा ते दूषित पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. त्या दिवशी नळाचं पाणी तपासलं तर ते कदाचित चांगलंही निघेल. हा आजार बहुतेकांना आपोआप सोडतो, पण दिवस भरत आलेल्या बाईला त्याचा फार मोठा धोका असतो, जिवावर बेततं. ज्या घरात गरोदर सून किंवा मुलगी आहे, त्या घराने पावसाळ्यात पाणी उकळून प्यावं, हे मी भेटेल त्याला सांगत असते. पाण्याला खळखळून उकळी फुटली की मिनिटभर पुरे. तासभर गॅस जाळायची गरज नाही.

साथ यायच्या आधी कळावं म्हणून पाण्याची तपासणी असते. प्रत्येक रोगजंतू वेगळा शोधणं शक्य नसतं, म्हणून एकाच जंतूचा माग काढतात. ई. कोलाय हा माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला याचा अर्थ पाण्याला कुठेतरी मैला भेटला. मानक सांगतं, १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही सापडता कामा नये. नमुना घ्यायचीही रीत आहे. नळाचं तोंड आधी ज्योतीने तापवतात, पाणी थोडं वाहू देतात, मग निर्जंतुक बाटलीत धरतात. त्या बाटलीत आधीच थायोसल्फेटचे दोन थेंब असतात, क्लोरीन मारायला. ते का, असं मुलं दरवेळी विचारतात. कारण क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहील, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पाणी शुद्ध होऊन जाईल आणि अहवाल खोटा चांगला येईल. लोक नळातून जसं पाणी प्यायले, तसंच तपासायला हवं. नमुनेही केंद्राजवळचे नव्हे, तर लाइनच्या शेवटच्या टोकाचे जास्त बोलतात. शिल्लक क्लोरीन संपतो तो तिथेच.

महापुरात या सगळ्या साखळीचीच परीक्षा होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. पाणी उपसायचे पंप नदीकाठी असणारच, नदी त्यांच्या डोक्यावरून गेली आणि चारी बाजूंनी पाणी असताना शहरात प्यायला पाणी नाही, अशी वेळ आली. पूर ओसरल्यावरचा आठवडा त्याहून नाजूक. लाइन कित्येक दिवस रिकामी, वरून गटार आणि नदी एक झालेले. त्या दिवसांतलं पहिलं पाणी सोडून द्यायचं, घरातली खालची टाकी उपसून धुवायची आणि क्लोरीनचा वास भरपूर आला तर समाधान मानायचं.

आणि नदीबद्दल एक. आपल्या उपशाच्या जागा शहराच्या वरच्या अंगाला आहेत. शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला नदीला मिळतो तो त्यांच्या खाली. आपलं सांडपाणी शुद्ध न होता नदीत गेलं, तर त्याचा त्रास आपल्या नळाला होत नाही, खालच्या गावांच्या नळाला होतो. बालिंग्याच्या वर कुणी तसं केलं तर आपण गप्प बसलो असतो का?

आता घरातलं. आपल्या भागात धरण-नदीचं पाणी मुळात मऊ, कमी क्षारांचं आहे. त्याला आरओ मशीनची गरज बहुतेक घरांना नाही. ते यंत्र बरंच पाणी मोरीत सोडतं आणि चांगले क्षारही काढतं. बोअरचं खारं पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नळाच्या पाण्याला साधं गाळणं आणि पावसाळ्यात उकळणं पुरतं. पिण्याच्या पाण्यात हात आणि तांब्या बुडवू नये, लांब दांड्याचं ओगराळं ठेवावं. जुन्या बायका ठेवायच्याच.

त्या दिवशी मी काकींच्या घरी 'ओटी'ची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाची बाटली घेऊन गेले. बाजारात मिळते, ग्रामपंचायतींत तर रोज वापरतात. काचेच्या नळीत नळाचं पाणी घेतलं, त्यात काही थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, हळदीच्या पाण्यासारखं.

"हे पिवळं म्हणजे औषध?"

"होय. ते आहे, म्हणून पाणी चांगलं आहे."

मग माडीवरच्या त्यांच्या टाकीचं पाणी घेतलं, ज्यातून स्वयंपाकघरातला नळ येतो. तेवढेच थेंब टाकले. रंग नाही. थोडा वेळ थांबलो, तरी नाही. नळातून आलेली सगळी शिल्लक टाकीतच संपलेली होती. नळीतलं पाणी मी मोरीत ओतलं, ते रसायन पोटात जायला नको.

काकींनी नातवाला वर पाठवलं. टाकीच्या झाकणाला तडा होता, आत कबुतराचं पीस, तळाला बोटभर तांबडा गाळ. कधी धुतली होती ते कुणाला आठवेना. रविवारी नातू घासणी घेऊन टाकीत उतरला, पावडरीचं पाणी फिरवलं, नवीन झाकण आलं. सोमवारी पाणी सुटल्यावर काकी स्वतःच नळी घेऊन माझ्या दारात. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी होतं.

"टाक बघू थेंब," म्हणाल्या.

पिवळं झालं.